साडेसहा तास

गिरडच्या बाजारात
लाखोळीचा भाव अर्ध्यात सोडून
बेबीनंदा पॅरिस सांगते:
टॉवर, नदी, पूल,
"अन् म्युझियममध्ये तं पाय तुटले व माय आमचे!"

मी मान हलवते.

सगळे उतरले होते तिथं. आम्ही नाही.
उलटीची गोळी घेऊन
ती माझ्या खांद्यावर झोपलेली,
मुठीत चिवड्याची पुडी.
उठवावं कसं?

खिडकीतून एक बाई दिसत होती,
लाल मोजे, हातात छत्री,
सारखी घड्याळ पाहत.
बस निघाली
तरी तिचं कोणी आलं नव्हतं.
तेवढंच माझं पॅरिस.

"हो ना वं?" बेबीनंदा विचारते.
"हो तं," म्हणते मी, "लय मोठं होतं."
अन् पिशवीचा एक बंद
तिच्या हाती देते.