वाऱ्याचा आवाज

बटाट्याची काढणी संपत आली त्या आठवड्यात
ऑक्तावी सीर यांचा फोन आला :
"आगटीत बसेल अशी शेगडी हवी.
ओंडके उचलवत नाहीत आता. भुशाच्या गोळ्यांची पोती
नातू टाकेल तळघरात."

मेन राज्याचं वरचं टोक. नदीपलीकडे कॅनडा.
इथं थंडी पाहुणी नाही, भाडेकरू :
ऑक्टोबरात येते, मे महिन्यात
भाडं बुडवून जाते.

आधी मापं. तोंडाची रुंदी, मागची रुंदी
(मागं आगटी आखडते; फसणारा तिथंच फसतो),
खोली, उंची,
मग वरच्या लाकडी फळीपर्यंतचं अंतर.
"ती काढू नकोस. ओनेझिमनं रंधली आहे."
"राहील. मध्ये पत्रा लावते."

मग ब्रश. मग कॅमेरा.
पडद्यावर काजळी, काजळी, एक रिकामं घरटं,
आणि अकराव्या फुटावर
मातीची नळी तडकलेली, उभी, हातभर.
भोवतीची काजळी फुगून जाळीदार झालेली.
थंडीनं असं होत नाही.
तडीमागची तुळई
निखाऱ्यात विसरलेल्या बटाट्याच्या सालीसारखी.

"धुराडं पेटलं होतं कधी?"
"छे."
"मोठा आवाज? मालगाडी जावी तसा?"

बाईंचा कप हातातच राहिला.
"एकदा. तारांवर बर्फ साचून खांब पडले होते, त्या हिवाळ्यात.
मी खाली आले तर हा आगटीपुढे उभा,
हातात मिठाची पिशवी.
म्हणाला, वारा आहे गं, जा, झोप."

"त्यानंतर तो वर आलाच नाही झोपायला.
तीन हिवाळे त्या खुर्चीत.
मला वाटायचं, माझंच काही चुकलं.
विचारलं नाही मी.
चौथ्या हिवाळ्याला तो नव्हता.
मग नाताळला मीच पेटवायचे,
मुलं यायची म्हणून, चांगली भरभरून."

माझ्या मानेवर काटा आला. टेप गुंडाळत राहिले.

त्या दिवशी काही बसवलं नाही.
सुतारानं तुळई बदलली, गवंड्यानं वीट सांधली,
तपासनीस येऊन सही करून गेला. नऊ दिवस गेले.
मग डॅरन छपरावर, मी आगटीत पालथी.
चार इंची स्टीलची नळी शेंड्यापासून थेट शेगडीपर्यंत,
"सोड... सोड... थांब, अडकली... सोड."
जुनी झडप काढून टाकली. नळीभोवतीची फट
पत्र्यानं आणि न जळणाऱ्या लोकरीनं बुजवली.
वर टोपी. प्लगला अर्थिंग आहे ना, तेही पाहिलं.

शेवटी आगटीच्या पोटात पट्टी ठोकली, रिव्हेटनं :
'या आगटीत बदल केला आहे.
तपासून घेतल्याशिवाय इथं लाकूड पेटवू नये.'
बाईंनी चष्मा शोधला. दोनदा वाचलं.
"एवढासा पत्रा," त्या म्हणाल्या.
"एवढाच लागला असता त्याला."

गोळ्या पडू लागल्या, टिक, टिक,
मग चिमूटभर ज्योत, मग पंखा.
"वीज गेली तर?"
"विझेल. धूर घरात कोंडू नये म्हणून ही बॅटरी.
राख पत्र्याच्या बादलीत, झाकण लावून,
आणि बादली ओसरीवर नाही, खाली, खडीवर."
त्यांनी मान हलवली, पण लक्ष वर होतं,
जिन्याकडे.

"तो विषारी वायूचा भोंगा कुठं लावलास?"
"एक इथं. एक तुमच्या खोलीबाहेर."
"थांब मग."

कठड्याला धरून चढल्या, एकेक पायरी.
दार लावल्याचा आवाज. पलंग करकरला.
"हं, वाजव!"
मी बटण दाबून धरलं.
डॅरननं कानावर हात ठेवले.

"खालचाही वाजव!" वरून आवाज आला,
"आणि बाई, सांग,
यातला वारा कुठला?"