नखं

मोहाचं खोड. रस्ता रुंद करताना पाडलेलं.
आरामशीनवाल्यानं नेलं नाही,
झाडाच्या अंगात खिळे फार.
दंडार, नाटक, शंकरपट,
साठ वर्षं सगळ्यांचे बोर्ड त्याच्याच छातीवर.
शाळेच्या आवारात आडवं पडलं होतं,
पोरं त्यावर बसून खिचडी खायची.

रैनू कुमरेनं ते उभं केलं.
मी त्याचा हेल्पर :
पेट्रोलात तेल मिसळायचं, पन्नासाला एक,
भुसा अंगावर घ्यायचा, बोलायचं नाही.
मशीन तिसऱ्या झटक्याला सुरू होते.
पहिले दोन म्हणजे नमस्कार.

खडूनं त्यानं काही आखलं नाही.
"मोहाखाली कोण येते? अस्वलच ना गा,"
म्हणाला, आणि चढला.

दुपारपर्यंत पाठ आली, कान आले.
छातीत साखळी खिळ्याला लागली,
ठिणगी, किंचाळी, दोन दात गेले.
कानशीनं दात घासत बसलो तासभर.
खिळा त्यानं काढला नाही. गंजू दे म्हणाला.

चार वाजता चैतीबाई सिडाम आली.
डावा गाल शिवलेला, त्या बाजूचा डोळा नाही.
बावीस वर्षांखाली, पहाटे, फुलं वेचताना...
गावाला ठाऊक आहे, कोणी विचारत नाही.
मास्तर तिला अडवायला उठले, मग बसले.

तिनं अस्वलाभोवती फेरी मारली.
पंजा हातात धरला,
बाजारात भेंडी मोडून पाहावी तसा.
"नखं लायनी झाली गा."

"बाई, लाकूड काढता येते. लावता नाही येत."

"मी जवळून पायलं. तू पायलं का?"

मशीन पहिल्याच झटक्याला सुरू झाली.
नखांना त्यानं हात लावला नाही.
पंजाच उतरवत गेला,
बोटाबोटांमधून, पापुद्र्या-पापुद्र्यानं,
तशी नखं आपली आपण पुढं आली,
लांब, वाकडी, मातीची सवय असलेली.
ती भुशात उभी, पदर पिवळा झालेला.
"आणखी," म्हणायची.
"आणखी."

मग हात वर केला.
मशीन थांबली तरी माझ्या कानात चालूच.

"अन् डोळे?" रैनूनं विचारलं.
पातं खाली, नजर खाली.

"डोरे नाही पायले मी.
माहे मिटले होते."

ग्रामपंचायतीनं तीनशे रुपये कापले,
काम अर्धवट म्हणून.