शून्य तास

जूनच्या अखेरीस, शाळा उघडायच्या चार दिवस आधी,
स्टाफरूमची दोन टेबलं जोडून
मी कार्डशीटवर शाळा मांडतो.
सव्वीस तुकड्या, एकतीस मास्तर,
आणि गणिताची एक रिकामी जागा,
जिच्यापुढे तीन वर्षांपासून पेन्सिलीनं
'येणार' एवढंच लिहितो.

तेराशे चाळीस पोरं. पस्तीस गावं.
जिल्हा परिषदेनं एवढी मोठी शाळा बांधली
तेव्हा ती फाट्यापासून दीड फर्लांगावर होती,
आता फाटाच शाळेला येऊन टेकला आहे,
झेरॉक्स, समोसा, पंक्चर.

सगळ्यांना सातवा तास हवा.
स्काउटच्या गावंडे सरांना हवा. कबड्डीला हवा.
विज्ञान प्रदर्शनाला डिसेंबरभर,
किशोरी मंचाला मंगळवारी,
अकरावीच्या इलेक्ट्रिकलवाल्यांना रोज,
कारण मोटारीची वाइंडिंग अर्धी सोडून उठता येत नाही.
आणि सातवा तास कुणाचाच नसतो.
तो महामंडळाचा.
चार वाजून दहा मिनिटांनी चिचघाट गाडी हॉर्न देते
आणि अर्धा वर्ग दप्तराची चेन ओढत उठतो,
समीकरणाची डावी बाजू
फळ्यावर तशीच उघडी.

करिश्मा कुमरे, आठवी ड,
एक दिवस स्टाफरूमच्या दारात उभी,
बोटं चौकटीवर वाजत होती, तिच्याही नकळत.
"सर, मले बँडात ढोल वाजवाचा हाय."
बँड सातव्या तासाला असतो.
"माहीत हाय."
आणि तुझी गाडी?
"माहीत हाय ना, सर."
मग?
"मग सकाळी काहून नाही? मुक्कामी गाडी
आमाले पावणेसातले इथं आणून सोडते.
दुसरी थेट बाराले. अकरालोक मी काय करू?"

पाचवीपासून ती रोज चार तास
पायरीवर बसून होती.
माझ्या कार्डशीटवर ते तास नव्हतेच.
मी वेळापत्रक करणारा माणूस,
माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे.

समासाच्या बाहेर, पहिल्या तासाच्या डावीकडे,
एक चौकोन काढला.
तास: शून्य. विषय: ढोल. पट: एक.
शिक्षकाचं नाव लिहायला काही सुचलं नाही.

नत्थूभाऊनं किल्ली दिली, पण कुरकुरत.
ढोलानं कबुतरं उठतात,
आणि खालची घाण झाडाले मीच.

ऑक्टोबरात एकदा लवकर निघालो.
पऱ्हाटीच्या पलीकडे शाळा दिसायच्या आधीच
ऐकू आली. एक ठोका, दोन, मग घसरलेला तिसरा,
मग शांतता, एखादा शब्द विसरल्यासारखी,
मग पुन्हा पहिल्यापासून,
आणि पुन्हा नेमकं तिथेच चुकणं.
मी गाडी बंद केली. तिचा तिसरा ठोका बसेपर्यंत
पुढे जावंसं वाटेना.
तो काही बसला नाही. उशीर मात्र झाला.

दिवाळीनंतर पट सात झाला.
ढोलासाठी कुणी नाही, सगळे त्याच गाडीचे.
एक जण बाकावर झोपतो, त्या आवाजातही.
दहावीचा निकेश मडावी
चौघांना गणित शिकवतो,
फळ्यावर अक्षर तिरपं, उत्तरं बरोबर.

जानेवारीत विस्तार अधिकारी आले.
खिचडी चाखली, शौचालयं मोजली,
टिंकरिंग लॅबच्या कुलपापाशी फोटो काढला.
मग तक्त्यावर बोट ठेवलं, समासाच्या बाहेर.
"हा तास कोणत्या परिपत्रकात?"
खोडायचा राहिला, साहेब.

त्यांनी खिशातून स्वतःचं खोडरबर काढून दिलं.
नवंकोरं, हिरवं, थोडा वास असलेलं.
चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते मी निकेशला दिलं.
त्याला भागाकारात लागतं.