टिकलीची जीभ

हातरी पसरली तेव्हा खळ्यात दव होतं.
भावजींनी पायली पालथी करून दोनदा ठोकली.
गेल्या सालचं एक झुरळ निसटलं,
कोंबडीनं ते जमिनीला टेकू दिलं नाही.

आमच्याकडे भात मोजताना एक म्हणत नाहीत.
पहिली पायली लाभ,
मग दोन, मग तीन.
भावजी ओतायचे, हे पोतं धरायचे,
आणि महिनाभरात दोघा भावांत
तेवढंच काय ते बोलणं:
लाभ. दोन. तीन.

कारण एक भोक.
बोटाएवढं, चिंबोरीनं पाडलेलं, खारीच्या बांधाला.
सर्वपित्रीच्या उधाणाला खाडी त्यातून आत आली
आणि आठ दिवसांत खालच्या दोन कुणग्यांतला मुणगा
फुलोऱ्यातच पांढरा पडला, पोकळ,
वाऱ्यावर कागदासारखा वाजायला लागला.
त्या रात्री बांधावर फिरायची पाळी कुणाची?
हे म्हणतात भावजींची.
भावजी म्हणतात, कॅलेंडर काढा.
काढलं. त्या चौकोनात
माझ्याच हातचं लिहिलेलं:
काशी, अडीच लिटर.

प्रणितला कोळसा दिला होता.
पायलीला एक रेघ, गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर,
पाचवी आडवी.
मास्तर तपासायला येणार असल्यासारखा
तो जीभ बाहेर काढून रेघा ओढत होता.

दुपारी रास संपली.
सगळे हातपाय धुवायला बावीवर गेले.
मी रेघांचे गठ्ठे मोजले.
सातवीपर्यंतची शाळा माझी, पण पाचाचा पाढा पुरला.
आकडा निघाला.
गेल्या सालाहून किती कमी, तेही निघालं,
आणि ही वजाबाकी आज दोन ताटांच्या मध्ये
विळीसारखी मांडली जाणार,
हे कुठल्या पाढ्यात नाही, पण मला येतं.

टिकली सुटली होती.
काशीची पारडी, चार महिन्यांची,
कपाळावर खडूनं टेकवल्यासारखा ठिपका.
खाडीवरचा वारा खारट, त्यानं चुन्याला मीठ फुटतं.
ती आली, तिनं भिंत हुंगली,
आणि जीभ लावली.

मी तिथंच होते, हातात पेंढ्याची पेंडी.
हाट् म्हणायला किती वेळ लागतो?
कावळ्याला म्हणते, बोक्याला म्हणते,
झोपेतही म्हणतेस, असं हे सांगतात.
जीभ वरून खाली, परत वरून खाली,
पहिली पाच, पुढची पाच,
कोळसा, चुना, मीठ.
वरचे गठ्ठे तिनं मानेनं घासले.
मी पेंडीचा बंद सोडत होते.
सुटता सुटत नव्हता.

माणसं आली तोवर भिंत ओली, राखाडी,
आणि टिकलीला मिशी.
प्रणित रडायच्या बेतात.
"परत मोजू या," हे म्हणाले,
थेट भावाच्या तोंडाकडे बघून.
"परत मोजलं की आटतं," भावजी म्हणाले.
"एकशेवीस तरी होत्या."
"खुळा काय तू? एकशेदहा."
"मग मी धरलेली पोती काय वाऱ्यानं फुगली?"
असे अर्धा तास भांडले.
आमटी दोनदा गरम केली मी.
दोघांनी भात मागून घेतला.

येत्या अवसेला एकाच बॅटरीच्या उजेडात
दोघं बांधावर गेले.
येताना पिशवीत सहा चिंबोऱ्या,
एकीचा नांगडा भावजींच्या अंगठ्याला.

दुसऱ्या दिवशी टिकलीचं शेण
जरा काळपट पडलं होतं.
मी ते उचललं,
त्यात मूठभर तूस कालवलं,
आणि कणगीचं तोंड
त्यानंच लिंपून घेतलं.