चव सांग

पोपरिंगेच्या पलीकडे, हॉपच्या उघड्या खांबांमागे आमचं घर.
तळघराला सतरा पायऱ्या. त्याचे गुडघे कुरकुरतात, म्हणून मीच उतरले.
बाटलीवर खडूने त्याचंच अक्षर :
'लीव्हनच्या लग्नाला.'
लीव्हनचं लग्न झालं, मोडलंही. बाटली राहून गेली.

बूच निम्मं हातात, निम्मं आत.
फेस नाही. काकवीसारखी संथ उतरली ग्लासात,
दिव्याकडे धरली तरी काळीच,
कडेला तेवढी तांबूस.

आलेवाइनने नाक खुपसलं, सवयीने.
त्या तापापासून त्याला वास येत नाही,
ना कॉफीचा, ना गोठ्याचा, ना माझा.
'तू सांग,' म्हणाला.

मी? चाळीस वर्षं बिअर नको म्हणणारी मी?
घोट घेतला. म्हटलं, आलुबुखार.
'ताजं की सुकवलेलं?'
सुकवलेलं. आणि दूध करपल्यावर
पातेल्याच्या तळाला राहतं ना, ते.
'आणखी?'
तुझ्या वडिलांच्या कोटाचा खिसा.
तो हसला. 'तंबाखू म्हण की.'
आणि ओला पुठ्ठा, थोडासा.
'ते बूच. चूक माझी, उभी ठेवायला हवी होती.'

डोळे मिटून तो गिळत होता
माझा एकेक शब्द, घाई न करता.

'कडू?'
कडू कुठे गेलं कुणास ठाऊक.
मी शोधत राहिले
जिभेच्या मागे, जिथे ते असायचं.

'तळाचा गाळ ओतू नकोस,' तो म्हणाला,
तोवर मी ओतला होता.