खुणा

ग्दिन्याच्या बंदरात, चाळीस मीटर उंचावर,
काचेच्या केबिनमध्ये मी आठ तास बसतो.
खाली मीरोन. नारिंगी जॅकेट, माझ्या अंगठ्याएवढा.
वायरलेस आहे, पण वाऱ्यात त्याचा उपयोग नाही.
तो हात आडवा धरतो : थांब.
बोट वर करून गोल फिरवतो : उचल.
तळवा जमिनीकडे : हळू. अजून हळू.
चौदा वर्षं झाली,
एकही कंटेनर कुणाच्या पायावर पडलेला नाही.

हे आधी सांगतो, कारण
फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न बोटाचा होता.
तुम्ही खोलीपलीकडची वस्तू बोटानं दाखवलीत
तर मूल त्या वस्तूकडे बघतं का?

कायेतान माझ्या बोटाकडे बघतो.
जवळ येऊन, नीट. नखातलं ग्रीस बघतो.
बोट जिकडे चाललंय
तिकडे त्याचं काही काम नसतं.

एकवीस महिन्यांचा आहे.
लिफ्ट खालून निघाली की त्याला कळतं.
फ्रिजची घरघर थांबायच्या आधी क्षणभर
तो श्वास धरतो.
आणि नावानं हाक मारली, तर ते नाव
खोलीतल्या दुसऱ्याच कुणाचं असावं तसा
आपल्या कामात.

सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, यागोदा,
तुझा बोलेकमामा चार वर्षांचा होईतो मुका होता,
आता त्याला गप्प करून दाखव.
वरच्या मजल्यावरची बाई म्हणते, टीव्ही बंद ठेवा.
आमच्याकडे टीव्ही नाही.
डॉक्टरीणबाई म्हणतात, काळजीचं कारण असेलच असं नाही,
आणि अकरा महिन्यांनंतरची तारीख देतात.

अकरा महिने.
त्याच्या अख्ख्या आयुष्याच्या निम्म्याहून जास्त.

तो झोपल्यावर यागोदा फॉर्म घेऊन बसली, पेन्सिलनं.
नाव घेतल्यावर वळून बघतं का?
तिनं लिहिलं, हो.
कधी, मी विचारलं.
मंगळवारी. खिडकीशी होता. मी हाक मारली आणि वळला.
मंगळवारी, संध्याकाळी?
हो, सव्वाचारला.

सव्वाचारला स्वीडनची फेरीबोट भोंगा देते.
मी वर असतो, माझ्या काचा थरथरतात.
मी काही बोललो नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं पान उलटलं.
मागच्या बाजूला माझं अक्षर, बॉलपेनचं.
तुम्हाला दाखवायला वस्तू आणतं का? हो.
तो स्क्रू? तिनं विचारलं.
तो तुझ्याकडे नव्हता आणत.
तुझ्या मागे दिवा होता.

मग तिनं आपलं ‘हो’ खोडलं.
माझं खोडता येईना.
रबराचा चुरा तिनं तळहातावर गोळा केला
आणि कुठे टाकायचा ते न सुचून
मुठीत धरून बसली.

जो आपल्या नावाला ओ देत नाही
त्याच्यासाठी आम्ही अजून एका नावाची वाट बघतोय.
ते मिळेल याची भीती वाटते.
मिळणार नाही याचीही, आणि ही दुसरी भीती
मी तिला सांगितलेली नाही.

रविवारी त्यानं माझं मनगट धरलं.
तोंडाकडे बघितलं नाही. ओढत नेलं कपाटापाशी,
हात वर ढकलला. डावीकडे. अजून थोडा.
हेही फॉर्मवर आहे, मला ठाऊक आहे :
मोठ्यांचा हात अवजारासारखा वापरतं का?

वापरतो.
उंच मी, खाली तो, माझ्या गुडघ्याएवढा,
आणि वर फळीवर बटणांचा डबा.
मी हात सैल सोडला.
त्यानं थांबवला तिथं थांबलो.
डबा खाली आणला, हळू, अजून हळू.

मग काम संपल्यावर सोडतात तसा
त्यानं माझा हात सोडला
आणि बटणांत गेला.
मी तो हात तसाच धरून
बराच वेळ तिथं उभा होतो.