दहा मायक्रोमोलर

याला नाव नाही, नंबर आहे :
वाय, सत्तावीस हजार सहाशे बत्तीस.
चौगुल्यांचा ऋतुराज म्हणतो, मॅडम, हा तर
जयसिंगपूरच्या जुन्या लँडलाइनसारखा वाटतोय.
मी हसते. मास्कमधलं त्याला दिसत नाही.

कागलची एमआयडीसी, सकाळचे सव्वासात.
बाहेर फौंड्रीची पहिली पाळी गेटातून शिरतेय,
आत आम्ही दोन-दोन हातमोजे चढवून
उणे एकशे ऐंशीतून कुपी काढतो,
कोमट पाण्यात धरतो,
बर्फाचा मणी ज्वारीएवढा उरेपर्यंत.

या पेशी चिकटून जगणाऱ्या जातीच्या.
मोजायला, वाढवायला त्यांना सुटं करावं लागतं,
आणि सुटी झाली की एकेक
स्वतःलाच आवळायला लागते,
अंगावर बुडबुडे उठतात, उकळल्यासारखे,
मग संपते.
विष नाही, जखम नाही.
शेजार गेला, एवढंच कारण.

आवळायचं काम एका एन्झाइमचं,
शाळेत ज्याला विकर म्हणायचो.
त्याच्या पोटात इंधन बसायची खाच असते
आणि हा नंबर जाऊन नेमका तिथं बसतो.
हुपरीच्या एसटीत
खिडकीतून टाकलेला रुमाल बघितलायस?
तसा. माणूस नाही, पण जागा गेली.

म्हणजे हा काही करत नाही?
बसतो.

दहा मायक्रोमोलर, चोवीस तास. त्यावर नाही.
उद्या धुऊन काढायचा. राहिला तर पेशी
नको तशा पसरतात, आपलं काम विसरतात.
लिही वहीत. निळ्या पेनानं.

हुपरीत आमच्या घरी पैंजणांचं काम.
आई कड्या ओवायची, आप्पा झाळायचे.
आप्पा गेले त्या रात्री आई शेगडीपाशी बसली
मूठ मिटून. मुठीत त्या दिवशीच्या
न जोडलेल्या कड्या,
कुणी बोट लावलं तरी सोडेना.
रडणाऱ्या बाया खूप होत्या.
समोरची जैतूनबी आली आणि सरळ
आप्पांच्या पाटावर बसली.
कुणीतरी म्हणालं, अगं, तिथं नको.
ती उठली नाही. पाणी घे म्हणाली नाही.
रात्रभर त्या जागी कुणीतरी होतं.
पहाटे आईनं हात जमिनीला टेकला
तेव्हा कड्या सांडल्या.
जैतूनबीनं वेचल्या, मोजल्या, एकेचाळीस,
वाटीत ठेवल्या,
आणि दूध तापवायचंय म्हणून घरी गेली.
त्या पाटावर पुन्हा कधी बसली नाही.

हे प्रोटोकॉलमध्ये नाही,
म्हणून ऋतुराजला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली
पेशींनी पाय काढलेत, चिमूटचिमूट, एकमेकींकडे.
बऱ्याच मेल्यात, तरंगतायत, त्याही मोजायच्या.
शेकडा ब्याऐंशी जगल्या.
कुणाच्या डोळ्याच्या पडद्यामागं जाणार या,
आम्हाला कळत नाही. बॅच तेवढी कळते.
थाळी तिरकी करून मी जुनं मीडियम ओढून घेते,
नंबर त्याच्याबरोबर ब्लीचच्या बाटलीत जातो.

त्यांना कळत असेल का, तो गेला ते?
विचारतो ऋतुराज.

नवं मीडियम सदतीस अंशावर आहे, गुलाबी.
हात हलू देऊ नको, म्हणते मी.
कडेनं सोड.